नखाएवढं रान

जुजबी? — 'जुजबी' म्हणालात तुम्ही, आरतीबाई? — नाही, नाही, आता सावरू नका. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' हे वाक्य मी उभ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याकडून ऐकून घेतलेलं नाही. म्हणायचं नव्हतं तर म्हटलंत कशाला? बसा. चहा येतो आहे. तर श्रीशैलनं आमच्या व्याख्यानमालेत 'जुजबी, सर्वसाधारण माहितीच' दिली असेल, नाही का — असं तुम्ही मला विचारता. मला! जळकोटची ही व्याख्यानमाला सुरू झाल्या दिवसापासून जो तिचा अध्यक्ष आहे, त्याला. आणि विचारताना मान अशी हलवता, की समोरच्यानं नुसतं 'हो' म्हणावं आणि तुम्ही गाडीत बसून अंधार पडायच्या आत लातूर गाठावं. लहान मुलाला औषध पाजताना अशी मान हलवतात, बाई. मी औषधही घेणार नाही आणि 'हो'ही म्हणणार नाही. आमच्या व्यासपीठावरून जुजबी काही बोललं जात नाही. — तो फोन असू द्या, असू द्या तिथंच मेजावर. ध्वनिमुद्रणाची परवानगी तुम्ही मागितलीत, मी दिली. एकदा दिलेली परवानगी मी परत घेत नाही. उलट मुद्रण होतं आहे हे बरंच, निदान तुमच्या त्या मंडळींच्या कानांवर एखादं धड मराठी वाक्य पडेल.

मंडळी म्हणजे कोण, ते मला ठाऊक आहे. लातूरचे एक शिकवणीवर्गवाले — ज्यांनी ज्ञान आणि प्रश्नपत्रिका यांतला फरक कायमचा मिटवून टाकला —, दोघे डाळमिलवाले, एक हाडांचे डॉक्टर, आणि त्यांच्या पाठीशी पुण्यातली कुठलीशी मोठी पेढी, जिनं तुम्हाला इकडं धाडलं. या सगळ्यांना श्रीशैलच्या कंपनीत पैसा घालायचा आहे. यांच्यातल्या एकानं त्याला विचारलं म्हणे, "तुमची चिप किती जीबीची?" — अहो, नांगर घडवणाऱ्या लोहाराला विचारावं, तुझा नांगर किती एकरांचा, तसं हे! श्रीशैल चिप बनवत नाही. चिपच्या आत काय कुठं ठेवायचं, कुठलं कधी पुसायचं, हे ठरवण्याची एक रीत त्यानं शोधली आहे. ती रीत हीच त्याची सारी इस्टेट, आणि तिच्यावर त्याचं एकस्व आहे. तुम्ही पेटंट म्हणता, म्हणा. मी एकस्व म्हणेन. ते पक्कं असेल तर ही मंडळी पैसा घालणार, श्रीशैलची माणसं कामावर राहणार. कच्चं निघालं, तर जगातली कुठलीही बलाढ्य कंपनी ती रीत फुकट उचलणार आणि श्रीशैलनं कार्यालयाला कुलूप घालून किल्ली घरमालकाच्या हाती द्यायची. बरोबर? — मान हलवायला हरकत नाही, इथं हलवा. तर ते पक्कं की कच्चं हे पाहणं म्हणजे तुमच्या कार्डावरचं ते 'ड्यू डिलिजन्स'. मी तुम्हाला विचारलं, याला मराठीत काय म्हणाल, तर तुम्ही हसलात. हसण्यासारखं काय आहे? शहानिशा म्हणतात. निजामाच्या कचेऱ्यांतून आलेला शब्द आहे, माझ्या संस्कृतात बसत नाही, पण अंगानं भरलेला आहे, रुबाबदार आहे. तुमच्या त्या दोन इंग्रजी शब्दांसारखा गळ्यात पाटी अडकवून फिरत नाही. — आणि हो, दारात उभ्या राहून तुम्ही आणखीही काही कायदा सांगत होतात, अर्जाच्या आधी उघड झालं की काय होतं, असं काहीसं. माझं लक्ष नव्हतं. उंबऱ्यावर उभ्यानं बोललेलं मी ऐकत नसतो. शिवाय तुम्ही चपला भलत्याच कोपऱ्यात काढत होतात.

आता ऐका. आमची व्याख्यानमाला म्हणजे तुमच्या पुण्यातली नव्हे. तुमच्याकडं वक्ता येतो, शाल पांघरतो, घड्याळाकडं पाहत बोलतो, आणि श्रोते 'काय बोलले, काय बोलले!' म्हणत घरी जातात. नेमकं काय बोलले, हे त्यांतल्या एकालाही सांगता येत नाही. इथं तसं चालत नाही. दरवर्षी दत्तजयंतीच्या आठवड्यात, बाजारतळाशेजारच्या सभागृहात आम्ही बसतो, आणि आमचा एक नियम आहे — मीच घातलेला. व्याख्यान संपलं की अध्यक्षानं श्रोत्यांतला कुठलाही एक माणूस उठवायचा. शिकलेला नव्हे, शिकलेले लबाड असतात, वक्त्याचेच शब्द वक्त्याच्या तोंडावर परत फेकतात. साधा माणूस उठवायचा, आणि त्यानं ते व्याख्यान आपल्या शब्दांत परत सांगायचं. त्याला जमलं तर वक्त्याला नारळ. नाही जमलं, तर वक्त्यानं पुन्हा उभं राहायचं, पुन्हा सांगायचं. तोवर नारळ मेजावरच. बाहेरगावचे एक प्राध्यापक महाशय इथं खतावर बोलायला आले होते. खतावर! शेतकऱ्यांपुढं! दोनदा बोलले, दोन्ही वेळा समोरचा म्हणाला, "सायब लई चांगलं बोलले, पर खत कवा टाकायचं ते न्हाई सांगितलं." गेले बिनानारळाचे. तेव्हा आता तुम्हीच सांगा — जुजबी माहितीवर इथं नारळ मिळेल?

आणि श्रीशैलला तो मिळाला आहे. माझ्या हातून. मी नारळ वाटत सुटणारा माणूस नव्हे, आणि श्रीशैल तर माझ्याच घरात वाढलेला — त्याच्या गावाहून एसटी शाळेच्या वेळेला कधी येत नसे, म्हणून ईश्वरप्पानं, त्याच्या बापानं, एक दिवस ज्वारीचं पोतं आणि पोरगं दोन्ही आणून याच ओसरीवर उभं केलं: "गुर्जी, ह्याला तुमच्यापाशी ठिवा. लई सवाल करून राहिलंय, मला न्हाई जमत." हुशार? छे, हुशार नव्हता. चिवट होता. गणिताचं उत्तर आलं, तरी ते का आलं हे कळेपर्यंत ताटावर बसायचा नाही. पुढं नांदेडला अभियांत्रिकी शिकला, बेंगळुरात चाकरी केली, आणि परतला तो हे खूळ डोक्यात घेऊन. मी म्हणालो, व्याख्यान दे. टिपण करून आणलं. वाचलं मी — बाई, ज्याला वाक्य म्हणावं असं एक नाही. 'ब्लॉक इरेज करताना कंट्रोलर पेजेस रिमॅप करतो.' यात मराठी काय? 'करताना' आणि 'करतो'! धड कुणाचं, शेपूट कुणाचं! कागद परत केला. म्हणालो, तुझ्या बापाला कळेल असं लिहून आण. पुन्हा आणलं, पुन्हा परत केला. असे किती कागद गेले, ते मोजलं नाही. 'फ्लॅश' हा शब्द तेवढा मी राहू दिला. पाहुणा आपलं नाव घेऊनच आला असेल तर त्याचं पुन्हा बारसं करायचा मला अधिकार नाही. पण ब्लॉकचा आम्ही वाफा केला, पेजची सरी केली, आणि कंट्रोलरचा केला पाटकरी — कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं ते ठरवतो, तो. आणि मग पाहा कसं उलगडत गेलं! तुमच्या या फोनमधली स्मृती म्हणजे काय, तर नखाएवढं रान. त्यात वाफे, वाफ्यात सऱ्या. सरी-सरीनं पेरता येतं. पण एकच सरी मोडून तिथं दुसरं पेरू म्हणाल तर ते येत नाही, अख्खा वाफाच नांगरावा लागतो. म्हणून तुम्ही काही बदललंत, की पाटकरी नवं दुसऱ्याच वाफ्यात पेरतो आणि जुन्या सरीवर नुसती खूण करतो, की इकडं आता पाहू नका. तुम्ही 'पुसलं, पुसलं' म्हणता ना — पुसलेलं नसतं, बाई! तसंच पडून असतं ते, वाफा नांगरायची पाळी येईपर्यंत. ठाऊक आहे का हे तुमच्या डाळमिलवाल्यांना? — आणि प्रत्येक नांगरटीनं वाफा झिजतो. एकच वाफा सारखा नांगराल तर तो मरतो आणि शेजारचा तसाच कोरा राहतो. तेव्हा पाटकऱ्यानं पाळीपाळीनं सगळे वाफे वापरावेत. इथपर्यंत सगळ्या जगाला ठाऊक होतं. हे, म्हणा, जुजबी. श्रीशैल इथं थांबला असता तर तुमचा शब्द मी मान्य केला असता.

पण मी त्याला थांबू दिलं नाही. — काय गं? काय झालं? — साखर? मग बाईंना विचार ना, मला काय खुणावतेस? या आमच्या सौभाग्यवती, पार्वतीबाई. श्रीशैलला यांनी स्वतः करून वाढलं आहे, त्यामुळं त्याचं नाव निघालं की यांचं लक्ष चहावर राहत नाही. ठेव तो कप इथं. आणि दारातून असे हात हलवू नकोस, पाल आहे का कुठं? मी मुद्द्यावर आहे. — तर त्या टिपणाच्या शेवटी एक वाक्य होतं: 'यानंतर विशिष्ट पद्धतीने थकलेल्या वाफ्याची क्षमता परत मिळवता येते.' विशिष्ट पद्धतीने! हे दोन शब्द मी जन्मभर लाल शाईनं खोडत आलो आहे. विशिष्ट म्हणजे कुठली? ठाऊक नसेल तर लिहू नये, ठाऊक असेल तर लपवू नये. ही तर सबंध व्याख्यानाची मेख, आणि तीच हा पठ्ठ्या पदराखाली झाकून आणतो. मी विचारलं. मग म्हणाला, "सर, एवढं राहू द्या. बाकी सगळं सांगतो." — राहू द्या! माझ्या ओसरीवर, माझं मीठ खाल्लेला मुलगा, मला म्हणतो राहू द्या! मी म्हणालो, श्रीशैल, हातचं राखायचं असेल तर मोंढ्यात धान्याची आडत टाक, व्यासपीठावर चढू नकोस. "तसं नाही, सर. ते अजून —" 'अजून' काय? वाक्य पूर्ण कर. नाही केलं त्यानं. वाक्य अर्ध्यात सोडणारा माणूस माझ्या हाताखालून गेला याची मला लाज वाटली, आणि तसं मी त्याला तोंडावर बोललोही. तेव्हा सांगितलं त्यानं. सगळं. आणि खरं सांगू? — ते फार देखणं होतं. त्याला कळू दिलं नाही.

काय होतं म्हणता? ऐका ना, तेच तर सांगतो आहे. जगातले सगळे शहाणे वाफा किती वेळा नांगरला ते मोजत बसतात. श्रीशैल म्हणाला, हे मोजणं आंधळं आहे. एक वाफा काळ्या मातीचा, एक मुरमाड, दोघांना एकच माप कसं? वाफ्यालाच विचारा! नांगरायला किती वेळ लागला ते पाहा. थकलेला वाफा जास्त वेळ घेतो. थकला असेल तो पड टाका — मोकळा ठेवा. आणि केव्हा? इथं आहे सगळी गंमत. यंत्र तापलेलं असेल तेव्हा! उष्णतेला सगळं जग भितं, पंखे लावतं, गार करत बसतं. हा लातूर जिल्ह्यातला मुलगा म्हणाला, तापू द्या. मोकळ्या वाफ्यात जे अडकून बसलेलं असतं ते तापल्यावर सुटतं आणि वाफा पुन्हा धरतो. किती तापावं, किती वेळ तापावं, मग पुन्हा नांगरून वेळ कसा पाहावा आणि वाफा पाळीत परत केव्हा घ्यावा — सगळं, आकड्यांसकट आणि आकृतीसकट. लिहून घेताय? घ्या, घ्या. — म्हणजे काय, 'हे मला त्यानं घरी सांगितलं, की सभेत'? बाई, तुमचं लक्ष कुठं आहे? सभेत! फळ्यावर! खडू माझा होता.

आणि नियमाप्रमाणं मी माणूस उठवला. कोण असेल? ईश्वरप्पा. मागं, चपलांच्या ढिगाजवळ बसला होता, पुढं ये म्हटलं तरी आला नव्हता. मी मुद्दाम त्याचंच नाव घेतलं. दोघे-चौघे म्हणाले, गुरुजी, राहू द्या, बापाला कशाला. श्रीशैल तर पांढराफटक पडला. मला तेव्हा वाटलं, बापाची लाज वाटते याला, आता गावापुढं बाप चुकणार म्हणून. ईश्वरप्पा उठला. टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला — मी त्याचे शब्द सांगतो तुम्हाला, जसेच्या तसे — "म्या काय सांगावं, मंडळी. ह्ये रान हाय, नखाएवढं. सारखं नांगरलं तर बसतंय. बसलं ते कसं कळावं? तर नांगराला जड जातंय तवा वळखायचं. मग आपण काय करतो? चैतात नांगरून पड टाकतो. वैशाखाचं ऊन खाल्लं की रान तापतंय, ढेकूळ फुटतंय, अन् मिरगाला पुन्यांदा धरतंय. माझं पोरगं त्येच करून राहिलंय. मशीन गरम झाली की तवाच पड टाकायची. गार असताना न्हाई. इष्टे." — इष्टे! घरात कन्नड बोलणारा माणूस, 'एवढंच' म्हणायचं होतं त्याला. आणि बसला खाली. मग टाळ्या. श्रीशैल व्यासपीठावरून उतरला, माणसांतून वाट काढत मागं गेला आणि बापाच्या पायांवर डोकं ठेवलं, तिथंच, चपलांच्या ढिगात. मी नारळ दिला. याला म्हणतात व्याख्यान! त्या सभेत कुणी जाणता अभियंता बसला असता, तर तो उठून घरी गेला असता आणि तसंच्या तसं करून पाहू शकला असता. जुजबी!

पुढं काय झालं? पुढं तुमचं युग आलं. लातुरात औसा रस्त्यावर, एका शिकवणीवर्गाच्या डोक्यावर, काचेचं कार्यालय थाटलं. कंपनीला नाव असं इंग्रजी, की माझ्या एकाही कोशात सापडत नाही. उद्घाटनाची पत्रिका आली. तीत माझ्या नावापुढं काय, तर 'प्रेरणास्थान'. मी काय तीर्थक्षेत्र आहे, की लोकांनी सहली काढाव्यात? गेलो नाही. या पार्वतीबाई म्हणत होत्या, चला, पोरगं वाट पाहील. पाहू दे. माझी खुर्ची त्या शिकवणीवर्गवाल्याच्या शेजारी मांडली होती, असं मागाहून कळलं. म्हणजे न जाण्यात मी शहाणपणाच केला. फोन करतो, हो, करतो. सर, डोळ्यांचं कसं आहे. मावशींचे — म्हणजे हिचे — गुडघे काय म्हणतात. कामाचा विषय नाही. मी व्याख्यानाची आठवण काढली रे काढली, की हा बोलणं भलतीकडं वळवतो. मोठा झाला, आता जळकोटच्या फळ्याची लाज वाटते! आणि एकदा तर म्हणाला, "सर, ते व्याख्यान कुणाला सांगत नका जाऊ." ऐकलंत? आम्ही लपवून ठेवायचं! — मला मालकी नको आहे, लक्षात घ्या. तुम्ही आल्या आल्या तेही खोदून पाहिलंत, की मी काही हक्क सांगणार आहे का. हक्क तुमच्या त्या काचेच्या पेटीत ठेवा. पण त्याचं तोंड मी उघडवलं, ही गोष्ट खरी आहे आणि ती मी सांगणार. शिवाय सांगायला आता उरलं आहे कोण? ईश्वरप्पा गेला गेल्या पावसाळ्यात. त्याच्या मातीला जमलेली माणसं म्हणत होती, अप्पा जन्मात एकदाच चार माणसांत उभा राहून बोलला. काय बोलला, ते मात्र कुणाला सांगता येईना. निम्म्यांना नारळ आठवतो, उरलेल्यांना सभेनंतरची भजी. शब्दन् शब्द आठवतो तो या अण्णारावाला. माझ्या स्मृतीला झीज नाही, बाई. ती तुमच्या फोनला.

— केव्हा झालं? सांगितलं ना, दत्तजयंतीच्या आठवड्यात. — अर्जाच्या आधी की नंतर? आधी! चांगलं आधी. मध्ये दोन पाडवे उलटले, तेव्हा कुठं त्यानं अर्ज केला. त्याचा फोन इथंच आला, मी याच खुर्चीवर होतो, "सर, पेटंटचा अर्ज केला." मी म्हणालो, लेका, आम्ही तर हे केव्हाच ऐकून बसलो आहोत! तो हसलासुद्धा नाही. — का? काय झालं? लिहायचं का थांबलात? चहा गार होतो आहे तुमचा.

काय म्हणालात? — सावकाश. परत सांगा. आता ऐकतो आहे मी.

अर्जाच्या आधी... लोकांसमोर उघड सांगितलेलं असेल... तर कायदा त्याला नवं धरत नाही. मग एकस्व मिळालेलं असलं तरी मोडता येतं. — आणि जळकोटला? बाजारतळापाशी, मूठभर माणसांत, मराठीत? — तरीही. आणि ऐकणाऱ्या जाणत्याला घरी जाऊन करून पाहता येण्यासारखं असेल, तर मग... हो. हे मीच म्हणालो. आत्ता. याच शब्दांत.

म्हणून तुम्ही 'जुजबी' म्हणत होतात. म्हणून मान हलवत होतात. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं.

'ते अजून —' असं म्हणाला होता तो. अजून अर्ज केलेला नाही. एवढंच वाक्य होतं ते. मी त्याला पूर्ण कर म्हणालो, आणि पूर्ण करायला श्वास घेऊ दिला नाही. आणि यानं मला कधी — पार्वती, यानं आपल्याला एकदा तरी बोल लावला का गं? एवढी वर्षं? डोळ्यांचं कसं आहे, गुडघ्यांचं कसं आहे...

थांबा. थांबा, बाई. उठू नका. लिहून घ्या. आधी ते वरचं खोडा आणि मग लिहा. माझं वय झालं आहे. मी एका व्याख्यानातलं दुसऱ्यात मिसळतो. सगळं गाव हसतं मला, हिला विचारा. सांग गं यांना! काल चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधत होतो, सांग. — श्रीशैल बोलला ते जुजबी होतं. जुजबी, सर्वसाधारण. हाच शब्द, तुमचाच, अगदी नेमका आहे. 'विशिष्ट पद्धतीने' एवढंच म्हणाला तो. विशिष्ट म्हणजे कुठली, ते मी विचारलं नाही. फळा नव्हता. सभागृहात फळाच नव्हता तेव्हा. आणि ईश्वरप्पा... ईश्वरप्पा उठला, आणि बसला. बोलला नाही. काय बोलणार? अडाणी माणूस, त्याला काय कळणार त्यातलं. पोराचं तोंड बघत उभा राहिला, टोपी काढली, घातली, आणि बसला खाली. नारळ मी तसाच दिला. ओळखीचा म्हणून. — असं काय बघता? मला न्हाई आठवत, बाई. लई दिवस झाले. न्हाई आठवत.

तो फोन. दिलेली परवानगी मी परत घेतो आहे. पुसा ते. माझ्यासमोर पुसा. — पुसलंत? दाखवा.

हं. नुसती खूण केलीत.

— चपला उजव्या कोपऱ्यात आहेत. निघा आता, अंधार पडायच्या आत लातूर गाठायचं आहे तुम्हाला.